समजा, एका आजीची गाय

हातातलं घड्याळ काढायचं, टेबलावर पालथं ठेवायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "समजा..."

झालं! एवढा एक शब्द कानावर पडला की तिसरी-चौथीची तेवीस पोरं चिडीचूप. मी पार्टिशनच्या अलीकडे पट्टी आपटून आपटून घसा फोडून घ्यायचे, तरी पहिली-दुसरीचा कालवा थांबायचा नाही. आणि हा माणूस नुसतं 'समजा' म्हणतोय! मला रागच यायचा, खोटं कशाला बोलू.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. कोल्हारच्या पुढे, पाटाच्या कडेला वस्ती, तिथं. एकच लांबलचक खोली, मध्ये पत्र्याचं पार्टिशन. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला गुरुजी. मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे होता, म्हणजे वरून येणारी सगळी पत्रं, याद्या आणि शिव्या माझ्या वाट्याला. गुरुजी त्या वर्षी जूनमध्ये बदलून आले. पन्नाशीचे होते, संगमनेरहून रोज मोटारसायकलवर यायचे. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या शाळेत असा माणूस पाहिला असेल, कागदांत कच्चा आणि पोरांत पक्का. दाखले लिहायला दिले तर तीन चुका करून ठेवायचे आणि वर मलाच म्हणायचे, "बाई, तुमच्यासारखं अक्षर नाही हो माझं."

शनिवारी सकाळची शाळा. कवायत झाली की त्यांचा तो 'समजा'चा तास. पत्र्याला कान लावायची गरजच नव्हती, सगळं आपोआप ऐकू यायचं.

"समजा, वस्तीवर सगळ्यांना जन्मापासून दिसत नाही. एकट्या तुलाच दिसतंय. तर तांबडा रंग कसा असतो ते त्यांना कसं सांगशील?"

सगळी पोरं डोकं खाजवत बसली. शेवटी मागच्या बाकावरचा एक उठला, "मिरची खायला दीन, गुरुजी."

मी अलीकडे बसून हसले. माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडे बघायला लागली, बाईंना काय झालं म्हणून.

एकदा म्हणाले, "समजा, एक गोळी आहे. खाल्ली की जन्मात भूक लागणार नाही. कोण कोण घेईल?" बहुतेकांनी हात वर केले. एक बारकी पोरगी तेवढी हात घट्ट दाबून बसली. का गं, म्हटल्यावर म्हणाली, "मग खिचडीच्या सुट्टीत काय करायचं?" यावर अर्धा तास वाद चालला. खिचडी थंड झाली. शिजवणारी मावशी माझ्यावर करवादली.

आणि ते वासरांचं. "समजा, दोन वासरं अगदी एकसारखी. एक तुमचं, एक शेजाऱ्याचं. कोणीतरी गुपचूप अदलाबदल केली. तुम्हाला कळलं नाही, शेजाऱ्याला कळलं नाही, गायीलाही नाही. मग कोणाचं काही गेलं का?" सगळी म्हणाली, काहीच नाही गेलं. तेवढ्यात ऋतुजा नावाची पोरगी म्हणाली, "पण वासराला म्हाईत हाय ना."

गुरुजींनी तास तिथंच संपवला. मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, काय बोलली हो पोरगी! मी बी.एड.ला असतानासुद्धा असं कोणी बोललं नव्हतं." डोळ्यांत पाणी होतं की काय, मी बघायचं टाळलं. मला तेव्हा तांदळाचा हिशोब जुळत नव्हता.

पोरं शेवटी विचारायचीच, "गुरुजी, मग बरोबर उत्तर काय?" तर हात वर करायचे, "उत्तर माझ्याकडं नाही बरं का. माझ्याकडं फक्त खडू आहे." कधी म्हणजे कधी उत्तर दिलं नाही त्यांनी. एकदा केंद्रप्रमुख साहेब आले, आमच्या दहा-बारा शाळांवरचे. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "हे कोणत्या पाठातलं?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "परिसर अभ्यास, साहेब." साहेबांनी शेऱ्यात तसं लिहूनही टाकलं.

पुढे पुढे पोरंही आपापले 'समजा' घेऊन यायला लागली. एका शनिवारी एकानं आणायचा, बाकीच्यांनी भांडायचं. आता त्या एका शनिवारचं सांगते. जे सांगायचं आहे ते तेच आहे, इतका वेळ मी नुसती आजूबाजूला फिरत होते.

ऋतुजा चौथीत होती. तिचे वडील टेम्पो चालवायचे, वस्तीवरच्या लोकांची जनावरं घोडेगावच्या बाजाराला न्यायचे. आदल्या मे महिन्यात टेम्पो उलटला आणि ते जागीच गेले. गुरुजी तेव्हा आलेले नव्हते. त्यांना एवढंच माहीत होतं की या पोरीला वडील नाहीत, शाळेच्या रजिस्टरात तसं लिहिलेलं होतं.

त्यांना माहीत नव्हतं ते वेगळंच. मी मे महिन्यात भेटायला गेले, तेव्हा ऋतुजाच्या चुलतीनं दारातच माझा हात धरला. "बाई, आत रडू नका. सासूला सांगितलेलं न्हाई."

म्हातारी आतल्या खोलीत अंथरुणावर होती. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली, हृदय अगदी नाजूक. डॉक्टर म्हणाले होते, धक्का सोसणार नाही. मग घरच्यांनी ठरवलं. दवाखान्यातून मयत परस्पर नदीवर नेली, दहावं-तेरावं चुलत्याच्या मळ्यात उरकलं, आणि म्हातारीला सांगितलं, लेक गुजरातला मोठ्या गाडीवर लागलाय, दिवाळीला येईल. सगळ्या वस्तीनं हे पाळलं. बाहेरच्या माणसापाशी विषय काढायचा नाही, असं ठरलं. ऋतुजाची आई रोज सकाळी सासूला चहा द्यायला जाताना कपाळाला टिकली लावायची, मंगळसूत्र घालायची. बाहेर आली की काढून कोनाड्यात ठेवायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हातारीला फोनवर ऐकू यायचं नाही. म्हणून लेकाचा निरोप सांगायचं काम ऋतुजाकडे. म्हातारीचा विश्वास एकट्या नातीवर होता. रोज संध्याकाळी विचारायची, "तुझ्या बापाचा फोन आल्ता का गं?" आणि ही नऊ वर्षांची पोर सांगायची, "आल्ता. बरा हाय. जेवला म्हनं." ज्या बापासाठी स्वतःला रडायचं, त्याचे निरोप आठ महिने रोज नवे नवे तयार करायचे! आम्ही मोठी माणसं तिला शाबासकी द्यायचो, किती शहाणी पोर म्हणून. मीपण दिली. आता आठवलं की स्वतःची किळस येते.

दिवाळी आली आणि गेली. मग संक्रांतही गेली. त्यानंतरच्या एका शनिवारी 'समजा' आणायची पाळी ऋतुजाची होती.

मी त्या वेळी फोनवर पोषण आहाराची माहिती भरत होते. ग्रुपवर साहेबांचा मेसेज होता, दहाच्या आत भरा. खिडकीपाशी उभं राहिलं तरच नेटवर्क यायचं. पलीकडून ऋतुजाचा आवाज आला.

"समजा, एक आजी हाय. तिची लई लाडकी गाय हाय. गाय घोडेगावच्या बाजाराला नेली, अन् वाटंतच मेली. पन आजी आजारी हाय, म्हनून समदे तिला सांगतेत, गाय लांबच्या कुरनात चरायला गेली. आजी रोज इचारते, आली का गं गाय. तर सांगावं का न्हाई?"

माझं बोट फोनवर तसंच राहिलं. गाय कोण, हे मला 'घोडेगाव' म्हटल्याबरोबर कळलं होतं. पार्टिशनला दार होतं. चार पावलं टाकून जायचं आणि म्हणायचं, गुरुजी, जरा बाहेर या. बस, एवढंच करायचं होतं. मी गेले नाही. एक तर ते पान तेव्हाच उघडलं होतं, पुन्हा उघडेल की नाही कोण जाणे. आणि दुसरं, मनात म्हटलं, गुरुजी कुठे उत्तर देतात? पोरं भांडतील आणि घरी जातील. काय बिघडतंय?

पोरं भांडली. कोणी म्हणालं सांगावं, कोणी म्हणालं नवीन गाय आणून द्यावी. एकानं विचारलं, "आजी मेली मंग?" ऋतुजा म्हणाली, "गुरुजी, तुमी सांगा."

"उत्तर माझ्याकडं नाही बरं का. माझ्याकडं फक्त..."

"तुमी दरवेळी आसंच म्हनता. आज सांगाच." आवाज रडवेला होता. पत्र्याच्या अलीकडूनही कळत होतं.

गुरुजींनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मी असतो तर सांगितलं असतं, बाळ. आजीचा जीव होता ना त्या गायीत? मग तिला रडू द्यायला नको? आणि रोज रोज खोटं सांगणाऱ्यानं तरी ते किती दिवस वाहायचं?"

माझी माहिती साहेबांकडे गेली. हिरवी खूण आली. मी खुर्चीत बसले.

ऋतुजानं त्या दुपारीच आजीला सांगितलं. पुढचे दहा दिवस म्हातारीनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. अकराव्या दिवशी गेली.

आणि मग जे व्हायचं ते झालं. "पोरीनं आजीला खाल्लं," असं घरातल्याच बायका बोलायला लागल्या. चुलत्यानं पोरीला खडसावून विचारलं, कोणी शिकवलं हे? ती एकच म्हणाली, "शाळेत इचारलं हुतं." तिच्या तोंडून तेवढा शब्द निघाला तो शेवटचा. मग बोलणंच बंद. शाळा बंद, जेवण बंद. कोपऱ्यात बसायची आणि कोणी जवळ गेलं की भिंतीकडे तोंड करायची.

गुरुजींना हे कळलं तेव्हा ते धावतच माझ्याकडे आले. "बाई, ती गाय म्हणजे... बाई, तुम्ही ऐकलं होतं का हो तेव्हा? तुम्हाला कळलं होतं?"

"छे हो," मी म्हटलं, "मी फोनमध्ये मान घालून बसले होते. काहीच ऐकलं नाही मी."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. उलट मलाच म्हणाले, "नाही, नाही, तुमचं काय यात. माझंच चुकलं."

म्हातारीचा दशक्रिया विधी प्रवरेच्या काठावर झाला. आमच्याकडे दहाव्याला कीर्तनकाराचं प्रवचन असतं आणि मग माइकवर श्रद्धांजलीची भाषणं, सरपंचापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत. मी बायकांत बसले होते. ऋतुजा आईला चिकटून बसली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. कोणी तिच्या शेजारी बसलं नव्हतं.

शेवटी गुरुजी उठले आणि म्हणाले, "दोन मिनिटं बोलतो." माइक हातात घेतला.

"मी शाळेतला शिक्षक. पोरीनं मला सगळं सांगितलं होतं. घरचं काय आहे ते मला माहीत होतं. मीच तिला म्हटलं, घरी जा आणि आजीला सांग. पोर लहान आहे, शिक्षकाचं ऐकते. तिचा यात काडीचा दोष नाही. जे झालं ते माझ्यामुळं झालं. तुम्हाला काय करायचं ते मला करा."

धादांत खोटं! 'खोटं किती दिवस वाहायचं' म्हणणारा तो माणूस तीनशे माणसांसमोर माइकवर खोटं बोलला. चुलता अंगावर धावून गेला. लोकांनी त्याला धरलं. कोणीतरी गुरुजींची कॉलर ओढली, शर्टाची बटणं तुटली. ते तसेच मान खाली घालून उभे राहिले. आणि बायकांतल्या एकीनं उठून ऋतुजाला जवळ ओढलं आणि म्हणाली, "काय मेला मास्तर! लेकराच्या डोक्यात काय काय भरवलं!"

सोमवारी ऋतुजा शाळेत आली. गुरुजी रजेवर होते. तक्रार झाली, चौकशी झाली. मी जबाब दिला, मला काही माहीत नाही. महिन्याभरात त्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात झाली.

ऋतुजाची आई एकदा खिचडीच्या वेळी शाळेत येऊन मला म्हणाली, "बाई, समदे गुरुजींना नावं ठिवतेत. पन खरं सांगू? ते दहा दिस म्या सासूच्या गळ्यात पडून रडले. आठ महिने मला रडताच आलं न्हवतं. सासू म्हनली, पोरी, एकलीनं सोसलंस गं. येवढं गुरुजींना सांगा." मी मान हलवली. सांगितलं मात्र नाही. ते सांगायला बसले असते तर बाकीचंही ओठावर आलं असतं, म्हणून नाही सांगितलं.

नंतर ते मला दोन-तीनदा प्रशिक्षणात भेटले. 'समजा' बंद केलं होतं. पुस्तक उघडायचं, धडा वाचायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. मी थट्टेनं म्हटलं, "काय गुरुजी, हल्ली परिसर अभ्यास घेत नाही का?" ते हसले. "नको हो. पोरांना पाढे येऊ देत आधी." इतकं वाईट वाटलं मला! तरीही तोंड उघडलं नाही.

मागच्या महिन्यात गुरुजी गेले. झोपेतच गेले म्हणे. ग्रुपवर फोटो आला, खाली हात जोडलेल्यांची रांग. मीही हात जोडले. दहाव्याला गेले नाही. गुडघे दुखतात, असं घरी सांगितलं.

गेल्या रविवारी ऋतुजा माझ्या दारात उभी. अठरा वर्षांची झालीय, संगमनेरला कॉलेजात आहे. चहाही घेतला नाही. म्हणाली, "बाई, एक विचारायचंय. गुरुजी नदीवर म्हणाले, मला सगळं माहीत होतं. त्या शब्दावर मी नऊ वर्षं काढलीत. वाटायचं, मोठ्या माणसानं समजून-उमजून सांगितलं, म्हणजे माझं काही चुकलं नाही. पण बाई, मी त्यांना फक्त गाय सांगितली होती. त्यांना कसं माहीत असणार?"

मला सहज म्हणता आलं असतं, होतं गं माहीत. पोरगी सुखानं परत गेली असती. गुरुजींनाही तेच हवं असणार. पण तिच्या डोळ्यांकडे बघून मला ते जमलं नाही. तिला आधीच कळलेलं होतं. आणखी एक खोटं मी तिच्या गळ्यात कुठे अडकवू?

"नव्हतं माहीत," मी म्हटलं. "तुझ्या अंगावरचं सुटावं म्हणून बोलले ते. माहीत मला होतं. मी सगळं ऐकत होते."

"मग तुम्ही आत का नाही आलात?"

"माहिती भरत होते," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? तेवढंच खरं होतं.

ती रडायला लागली, पण गुरुजींसाठी. माझ्यासाठी तिनं एक वाईट शब्दसुद्धा खर्च केला नाही. डोळे पुसले आणि उठली. "चला बाई. त्यांच्या घरच्यांना हे तुम्ही सांगायचं. मी स्कूटीवर नेते."

गुरुजींच्या घरी त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एकट्याच होत्या. आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मी सुरुवातीपासून सांगितलं, पत्र्याचं पार्टिशन, फोन, गाय, माइक, माझा जबाब, सगळं. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"शेवटपर्यंत हेच धरून बसले होते हो," त्या म्हणाल्या. "पोरगी समोर उभी राहून सांगत होती आणि मला गायच दिसली, म्हणायचे. दुसऱ्या कोणाही मास्तरला कळलं असतं, मलाच कसं कळलं नाही? जेवता जेवता मध्येच थांबायचे आणि हे म्हणायचे."

"नसतं कळलं कोणाला, वहिनी," मी म्हटलं. "मला कळलं, ते मला घरातलं आधीच ठाऊक होतं म्हणून. नाहीतर कोणालाच कळलं नसतं."

वहिनींनी माझ्या हातातलं रिकामं भांडं घेतलं. रागावल्या नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मग एवढंच त्यांना सांगायचं होतं हो, बाई."